फुकट शिबिरात तुमचा काय फायदा? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला जुईनगर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने विचारलाय, सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी विचारलाय, आणि परवा मामेबहिणीच्या साखरपुड्यात जेवताना तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी पण विचारला, की तुम्ही मेडिकल कॉलेजवाले वस्तीत येऊन फुकटात बीपी-शुगर बघता, यात तुमचा काय फायदा? मी नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात पीएसएम म्हणजे कम्युनिटी मेडिसिन डिपार्टमेंटला सोशल वर्कर आहे, शिबिराची बातमी पण मीच लिहून पाठवते, म्हणजे ते 'इतक्या नागरिकांनी लाभ घेतला' वालं वाक्य माझंच.

तर सरळ सांगते, फायदा आहे. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना शिकायला पेशंट लागतात, ओपीडीत गर्दी नसेल आणि वॉर्डात खाटा रिकाम्या असतील तर शिकवणार कुणावर, आणि इन्स्पेक्शनला येणारे तेही मोजतातच. इंटर्नना कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे काढावे लागतात, आणि आता तर एमबीबीएसच्या पोरांना पहिल्या वर्षापासून वस्तीतली किंवा गावातली कुटुंबं नेमून देतात, त्याच घरी परत परत जायचं, बीपी-वजन बघायचं, लसी झाल्या का विचारायचं. म्हणजे शिबीर हे काय उपकार नाही हो, देणंघेणं आहे. उलट उपकाराची भाषा सुरू झाली की मला टेन्शन येतं, कारण तिथे हमखास साहेबांचा हात जोडलेला फोटो बारा फुटी असतो आणि आमच्या बीपी मशिनला सेल मागितले की कुणाकडे नसतात.

पण खरा प्रश्न फायद्याचा नाहीच, लाभाचा आहे. बातमीतला आकडा म्हणजे रजिस्टरमधल्या सह्या आणि अंगठे. त्यातला एखादा भरउन्हात चढण चढून आलेला असतो, बीपी १५० दिसतं, आम्ही लिहितो 'पुन्हा तपासा'. एखाद्याने आत्ताच वडापाव आणि चहा मारलेला असतो, त्याची साखर कशी कळणार, उपाशीपोटी परत बघायला पाहिजे, १२६ किंवा त्याच्या वर आली तर पुढचं. म्हणजे आमचं अर्धं काम 'परत या' सांगायचं, आणि परत येतात किती हे कुठल्याच बातमीत नसतं. एकदा तर मीच घोळ घातला, घाईत एका पानावर बऱ्याच जणांचे मोबाईल नंबर नऊ आकडीच लिहिले. दोन दिवस आशाताईंच्या, म्हणजे वस्तीतल्या आशा सेविकेच्या, मागे लागून गल्लीगल्लीत नावं पुकारत फिरले, तरी काही सापडलेच नाहीत.

तुर्भ्याच्या खदानीच्या बाजूला समाजमंदिरात शिबीर होतं तेव्हाची गोष्ट सांगते. तोंड तपासायच्या टेबलावर साधी टेस्ट असते, तीन बोटं उभी धरून दातांमधून आत घालायची. गेली पाहिजेत. माथाडीतला एक तिशीचा पोरगा आला, त्याची जेमतेम दीड गेली, सुपारी-गुटख्याने गाल आतून ताठ झालेले. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे बरं का, टपरीवाल्याला कुणीतरी सांगा. त्याच्या मागे एक मावशी होत्या, जालन्याकडच्या, खडी फोडायला जाणाऱ्या. इंटर्नने विचारलं तंबाखू खाता का, तर म्हणाल्या, "छ्या, म्या न्हाई खात, मशेरी लावते फकस्त." मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण त्यांच्या हिशोबात ते दात घासणं, सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री झोप येत नाही म्हणून एकदा. टॉर्च मारला तर गालाच्या आत पांढरा चट्टा, गॉजने पुसला तरी निघेना. असा चट्टा कॅन्सरच असतो असं नाही, पण तुकडा काढून तपासायला पाहिजे, त्यासाठी ओपीडीत यायला पाहिजे, आणि त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवायला पाहिजे. इथेच आमचं 'फुकट' संपतं. तपासणीला पैसे नाहीत ते ठीक, पण खाडा कोण भरून देणार?

त्या दिवशीची बातमी मी संध्याकाळीच पाठवली, लाभ घेतला वगैरे. मावशींचा फोन मुलाकडे, मुलगा फोन उचलेना. आशाताई दोनदा घरी जाऊन आल्या, एकदा कुलूप, एकदा मावशी म्हणाल्या दुखत नाही तर कशाला येऊ. आता दुखत नाही हाच तर त्या चट्ट्याचा प्रॉब्लेम आहे, हे आशाताईंनी कसं समजावलं मला माहीत नाही, मी विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, मी माझ्या सासूचं सांगितलं." एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात मावशी आल्या. केस पेपर प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावलेलं. मला बघून पहिलं पदर नीट केला आणि विचारलं, फोटो काढायचाय का. म्हटलं नाही हो, आज फोटो नाही. डेंटलच्या खुर्चीवर बसायच्या आधी कमरेची मशेरीची डबी काढून सिस्टरच्या टेबलावर ठेवली. मला वाटलं सोडली की काय, मी जरा खुश होऊन बघायला लागले, तर म्हणाल्या, "हितं ऱ्हाऊ द्या, जाताना घेते."