सुपाऱ्या आणायला गेलो होतो

आज गुहागरला मावशीच्या शेजारच्या काकांकडे सुपाऱ्या आणायला गेलो आणि दोन तास तिथेच बसलो. काका १९७१ च्या युद्धात कॅनबेरा बॉम्बरचे पायलट होते, हे इतकी वर्षं मला ठाऊकच नव्हतं! लहानपणी त्यांच्या कैऱ्या पाडायचो, एवढीच ओळख.

"भीती वाटायची का?" मी विचारलं.

पडवीत सुपारी कातरत म्हणाले, "मला कमी. माझ्या सीटला इजेक्शन होतं, म्हणजे संकटात सीटच मला घेऊन विमानाबाहेर उडणार. नेव्हिगेटरला, म्हणजे मार्ग सांगणाऱ्या जोडीदाराला, नव्हतं. वेळ आली तर त्याने बाजूच्या दारातून उडी टाकायची."

मग बराच वेळ नुसता अडकित्त्याचा आवाज.

रडारला दिसू नये म्हणून अगदी खालून जायचं. रडारच्या लहरी सरळ जातात, पृथ्वी वाकलेली, म्हणून खालचं विमान उशिरा सापडतं. पण अमावस्येला पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळत नाही. समोरच्या समुद्राकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ की रात्री येऊन."

कॅनबेरा आपल्या हवाई दलात १९५७ ला आलं, २००७ ला निवृत्त झालं. तब्बल पन्नास वर्षं!

सुपाऱ्यांचे पैसे घेतले नाहीत. मावशी म्हणाली, "कैऱ्यांचे तरी तू कुठे दिले होतेस!"