टिकली-बोर्ड अपडेट : चोर मॅट निघाली

गोल्फच्या सेव्हन आयर्नने (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब) आधी बॉल, मग माती! तेही एकामागून एक. क्लब कुठे टेकतो ते दाखवणारा माझा घरगुती टिकल्यांचा बोर्ड सांगत होता की क्लब बॉलच्या आधीच जमिनीला लागतोय. मागच्या वेळी निम्म्या लोकांनी "बोर्ड फेक की रे" म्हणून सांगितलं होतं, म्हणून मुद्दाम लगेच लिहितोय.

बोर्ड तोच आहे. खडेबाजारातलं उलट-सुलट टिकल्यांचं कापड, एका बाजूला हात फिरवला की सोनेरी, दुसऱ्या बाजूला काळं. (कापडवाल्याने "मुलीचा फ्रॉक काय?" विचारलं. हो म्हटलं. त्याला गोल्फ कोण समजावत बसणार!) क्लब जिथे टेकतो तिथून काळा पट्टा उमटतो आणि माझा पट्टा बॉलच्या चार बोटं मागेच सुरू व्हायचा. इकडे गच्चीवर कृत्रिम गवताच्या मॅटवरून नेटमध्ये मारलं की मात्र आवाज खणखणीत. मग खोटं कोण बोलतंय, मॅट की बोर्ड?

तुमचा संशय कापडावर होता. क्लब घासला की कापड सरकतं आणि पट्टा भलतीकडे उमटतो, असं. मुद्दा रास्त होता, कारण बेळगावच्या पावसाळ्यात चिकटवायचं सोल्युशन वाळता वाळत नाही आणि कापडाला मधोमध फुगा आला होता. शेवटी उद्यमबागेतून ॲल्युमिनियमच्या उरलेल्या पट्ट्या आणल्या आणि कापड चारी बाजूंनी ताणून स्क्रूने आवळलं. आता ते तसूभर हलत नाही. पट्टा? चार बोटं मागेच.

मग खानापूरकडे मामांच्या शेतावर गेलो. बांधाकडेच्या तांबड्या मातीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवायला सांगितलं होतं. सकाळी रांगोळीची सरळ रेघ ओढली, रेघेवर बॉल ठेवला. शेजारच्या शेतातल्या मावशी खुरपं थांबवून बघत होत्या. "पूजा हाय काय रं?" म्हणाल्या. "नाही मावशी, प्रॅक्टिस." "रांगोळीवर?"

पहिलाच फटका, खाच रेघेच्या मागे आणि बॉल निम्म्या अंतरावर धप्पकन. म्हणजे बोर्ड खरा. मॅटवर क्लबचा सोल (तळाची बाजू) मागे टेकला तरी घसरत पुढे जातो आणि बॉल बरा उडतो. ओल्या मातीत तोच सोल रुततो आणि तिथेच वेग मरतो. टूरवरचे प्रो सेव्हन आयर्न साधारण ४ अंश खाली उतरत मारतात, म्हणजे बॉल लागून गेल्यावर क्लब तळ गाठतो. माझा तळ त्याआधीच येऊन बसायचा. (मॅट ऑनलाइन घेतलेली. विक्रेत्याचं नाव घेत नाही, पण मधोमध टक्कल पडलंय.)

उपाय बरेच केले. बॉल स्टान्समध्ये (उभं राहण्याच्या जागेत) मागे, उजव्या पायाकडे घेतला, तर पट्टा जरा सुधारला पण बॉल खाली-खाली आणि उजवीकडे पळायला लागला. हात पुढे दाबले, तर सोलचा बाउन्स (मातीत न रुतता घसरू देणारा उतार) गेला आणि लीडिंग एज, म्हणजे क्लबची पुढची धार, कुदळीसारखी घुसली. दोन्ही सोडून दिलं.

किल्ली सापडली ती घरातल्या जुन्या काट्याच्या वजनकाट्यात. डाव्या पायाखाली काटा, उजव्याखाली तेवढ्याच जाडीची फळी, समोर मोबाईल स्लो-मोशनवर. अर्ध्या स्विंगमध्येच दिसलं की बॉलला क्लब लागून गेल्यावर काटा डावीकडचं वजन दाखवतोय! सगळा भार उजव्या पायावर लटकलेला. मग बॅकस्विंग (क्लब मागे नेणं) पुरा व्हायच्या आधीच डाव्या पायावर यायचं, एवढा एकच विचार डोक्यात ठेवला. बाकी सगळं बंद. पट्टा सरकत सरकत बॉलपाशी आला, आणि मग मामांच्या मातीत सगळी खाच रेघेच्या पुढे. रांगोळी जशीच्या तशी! फोटो काढून मामांना दाखवला, ते म्हणाले, "छान. आता तो खड्डा बुजव."

फाइव्ह आयर्न (सेव्हनपेक्षा लांब मारायचा क्लब) अजून हट्टाला पेटलंय. त्यासाठी लाँच मॉनिटरला (फटक्याची मापं दाखवणारं यंत्र) पैसे साठवत होतो, पण आत्ता हे लिहिताना एक गोष्ट सुचली. आपण सगळे पट्ट्याची सुरुवात बघतोय. तळ तर पट्ट्याच्या मध्याजवळ असणार! मग ॲल्युमिनियमच्या पट्टीवर मार्करने इंच आखले की दोन्ही टोकं वाचता येतील. मॉनिटर राहू दे, असाच तयार मिळणारा परदेशी बोर्ड तर नकोच. कल्पना तीच, किंमत भलतीच. आधी इंच आखतो, मग फाइव्ह आयर्न.

एक अडचण आहेच. बॉल ठेवतो त्या जागच्या टिकल्या गळायला लागल्यात. तेवढाच तुकडा बदलता येईल अशी सोय कुणी केली आहे का? वेल्क्रो लावावं म्हणतोय, पण त्याने ती जागा उंच होईल आणि पट्टा तिथेच अडेल अशी भीती आहे.