तुम्ही विचारलंत म्हणून : तिकडे गरीब असतात का हो?

सोलापूरला गेले की हा प्रश्न ठरलेला. विचारणारी माणसं तेवढी बदलतात. मागच्या खेपेला मावसबहिणीचे सासरे होते. चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "काय हो, तुमच्या कॅनडात गरीब असतात का?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं, "असले तरी त्यांच्या दारात गाडी असेल!" सगळे हसले. मीही हसले. पाहुणी म्हणून गेल्यावर तिथे भाषण थोडंच ठोकायचं असतं? म्हणून इथे लिहिते.

असतात. आम्हीच होतो.

२००९ च्या ऑक्टोबरात आम्ही विनिपेगला, म्हणजे मॅनिटोबा प्रांताच्या राजधानीत, उतरलो. मॅनिटोबा प्रांत आपल्याला हवी तशी माणसं निवडून केंद्र सरकारला नावं सुचवतो. १९९८ पासून चालू असलेल्या त्या योजनेतून आमचा नंबर लागला. नवरा सिव्हिल इंजिनिअर, मी बी.एस्सी. बी.एड., नऊ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली. बरोबर नेलेले पैसे सहा महिने पुरतील असा हिशेब होता. भाडं, तिघांचे बर्फातले बूट आणि जॅकेटं यात तो तीन महिन्यांतच आटोपला. डॉक्टर फुकट होता हे खरं, पण माझी दाढ नेमकी तेव्हाच दुखायला लागली, आणि दात फुकटात बसत नव्हते.

नवऱ्याला जिथे तिथे एकच सवाल : "कॅनेडियन एक्स्पीरियन्स आहे का?" परवा उतरलेल्या माणसाजवळ तो कुठून असणार? पुढे २०१३ साली ऑन्टारियोच्या मानवाधिकार आयोगाने, अशी अट घालणं हा सकृद्दर्शनी भेदभाव आहे, असं धोरणच जाहीर केलं. पण तो शेजारचा प्रांत, आणि आम्हाला चार वर्षं उशीर. नवरा रात्रपाळीला एका गोदामात खोकी उचलायला लागला. मी संध्याकाळी एका इमारतीत साफसफाई करायचे. आईला फोनवर सांगितलं, "एका ऑफिसात लागलेय." खोटं काहीच नव्हतं त्यात.

जानेवारीत नवऱ्याची पाठ धरली. तीन आठवडे घरी, म्हणजे तीन आठवडे पगार नाही. मी तेव्हा नवख्यांसाठीच्या इंग्रजीच्या वर्गाला जायचे. इंग्रजी येत होतं, पण तिथे ऊब होती आणि तिथली माणसं पोराला तेवढा वेळ सांभाळायची. तिथल्या एरिट्रियाच्या एका बाईने काही न विचारता कागदावर पत्ता लिहून दिला. चर्चच्या तळघरातली फूड बँक, म्हणजे फुकट शिधा मिळायची जागा. "पिशवी घेऊन जा," एवढंच म्हणाली.

माझ्याकडे धड मोठी पिशवी एकच, सोलापुरी चादरीची. लाल-काळी, मोराची नक्षी असलेली, दोन गल्ल्यांवरून ओळखू येईल अशी. मी ती उलटी करून नेली, शिवण बाहेर. उणे तीसमध्ये रांग फुटपाथवर आली होती आणि मला काळजी काय, तर कुणी मराठी माणूस बसमधून बघेल. मिळालं ते असं : पास्त्याची दोन पाकिटं, बीन्सचे डबे, मऊ पडलेले बटाटे, सहा अंडी, पाव आणि पीनट बटरची बरणी. ते पीनट बटर मी कूट म्हणून वांग्याच्या भाजीत घातलं. चांगली झाली होती. नवऱ्याने विचारलं, शेंगदाणे कुठून आणलेस? मी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ पाव कुस्करत बसला.

त्या रांगेत एक गोष्ट डोळ्यांत भरली. एक-दोन म्हातारे गोरे सोडले तर बाकी सगळी दोनच तऱ्हेची माणसं. एक आमच्यासारखी, काल-परवा आलेली. दुसरी, इथली मूळनिवासी : या मातीत हजारो वर्षं असलेले अनिशिनाबे आणि क्री, आणि त्यांच्या नि युरोपियनांच्या मिश्र वंशातले मेटी. मधल्या काळात आलेले बहुतेक टेबलाच्या पलीकडे उभे राहून डबे वाटत होते.

आता थोडं मागे जाते. आम्ही घर शोधत होतो तेव्हा ओळखीच्या एका ताईंनी जेवायला बोलावलं होतं. प्रेमळ बाई, आमटीभात आणि वर लोणकढं तूप. निघताना दाराशी हळूच म्हणाल्या, "भाडं कमी दिसलं तरी रुळांपलीकडे नॉर्थ एंडला घर घेऊ नका हं. तिथे सगळे ते नेटिव्ह. पितात, चोऱ्या करतात." मी मान डोलावली. खाली उतरताना जिन्यात आठवलं की हे वाक्य आपण ऐकलेलं आहे, याच सुरात. सोलापुरात सायकल शिकले तेव्हा आजी म्हणायची, "कुठंबी फीर, पन सेटलमेंटच्या बाजूला जाऊ नगंस." इंग्रजांनी 'गुन्हेगार जमाती' ठरवून तारेच्या कुंपणात ज्यांना डांबून ठेवलं होतं, ज्यांना दिवसाकाठी हजेरी द्यावी लागे, त्यांची ती वस्ती. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते 'विमुक्त' झाले, तरी माझ्या लहानपणी शहाणीसुरती माणसं त्यांना चोरच म्हणत होती.

गंमत बघा. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ चा. विनिपेगची जमीन ज्या कराराने व्हिक्टोरिया राणीच्या नावावर गेली तो 'ट्रीटी १', तोही १८७१ चाच, ३ ऑगस्टचा. एकच राणी, एकच साल. त्यानंतर इकडच्या लोकांना 'रिझर्व्ह' नावाच्या तुकड्यांवर बसवलं आणि १८७६ च्या 'इंडियन अ‍ॅक्ट'खाली आणलं. तो कायदा दुरुस्त्या होत होत अजून जिवंत आहे. १८८५ नंतर या भागात रिझर्व्हबाहेर पडायला सरकारी एजंटाची चिठ्ठी लागायची. ती चिठ्ठी कुठल्याही कायद्यात नव्हती, तरी पन्नासेक वर्षं चालली. मला हे कळलं तेव्हा सेटलमेंटची हजेरी आठवली नसती तरच नवल.

तुमचा दुसरा प्रश्न पहिल्याच्या मागोमाग येतो : "पण त्यांना सरकार सगळं फुकट देतं ना? मग का नाही वर येत?" इथले आपले लोकही हेच विचारतात, आणि विचारताना त्यांचा चेहरा अगदी सोलापुरातल्यासारखा होतो.

फुकट काय मिळतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. साफसफाईच्या कामावर माझ्याबरोबर एक अनिशिनाबे बाई होती, माझ्याच वयाची. उन्हाळ्यात मला म्हणाली, चल, आज माझा पगार आहे. दोन नद्या मिळतात त्या 'द फोर्क्स'वर गेलो. टेबल मांडलेलं, मागे लाल कोटातला पोलीस. हिने कार्ड दाखवलं, यादीत नाव सापडलं, त्याने कोरी निळी पाच डॉलरची नोट हातात दिली. त्या ट्रीटीपोटी वर्षाला माणशी पाच. १८७१ ला तीन ठरले होते, चार वर्षांनी पाच झाले, आणि तिथेच थांबले. जमिनीचा भाव दीडशे वर्षांत कुठल्या कुठे गेला, पण करारात महागाईचं कलम नव्हतं. त्या पाचात दोन कॉफ्या आणि एक डोनट आला. डोनट आम्ही अर्धा-अर्धा केला. टॅक्स भरावा लागत नाही असंही ऐकाल, तर ती सूट मुख्यतः रिझर्व्हवरच्या कमाईला असते, आणि रिझर्व्हवर कमाईची साधनंच तुटपुंजी.

"शेती का नाही केली मग?" हेही एकाने विचारलं होतं. केली की. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या गवताळ मुलखात काही रिझर्व्हवरचे शेतकरी गोऱ्या शेजाऱ्यांच्या बरोबरीने गहू पिकवायला लागले होते. मग १८८९ पासून हेटर रीड नावाच्या अधिकाऱ्याने धोरण आणलं : यांनी यंत्रं वापरायची नाहीत, विळा-खुरप्यावर पोटापुरतं पिकवायचं. धान्य विकायचं तर एजंटाचा परवाना. शेजारचा यंत्राने कापणी करतोय आणि तुम्ही सरकारी धोरणाने विळ्यावर. यात कोण वर येईल?

आमची गोष्ट कशी वेगळी पडली ते सांगते. २०१२ मध्ये नवऱ्याला त्याच्या कामाची नोकरी लागली. दोन वर्षांनी बँकेने घराला कर्ज दिलं. पुढे घराची किंमत वाढली, त्यावर आणखी कर्ज काढून मी इथलं शिक्षकाचं लायसन्स पुरं केलं. साधं मध्यमवर्गीय गणित. हेच गणित रिझर्व्हवर मांडताच येत नाही. तिथली जमीन सरकारच्या नावावर असते, ती बाहेरच्या बँकेकडे गहाण पडत नाही. घर आहे, पण त्या घरावर पैसा उभा राहत नाही. आम्ही गरीब होतो तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. माझ्या त्या अनिशिनाबे मैत्रिणीने कशाकडे बघायचं?

आणि भीतीही सारखी नव्हती. एकदा पोराचा हातमोजा हरवला, मी म्हटलं, पगार झाला की घेऊ. ती कधी नव्हे ते चिडली. दुसऱ्या दिवशी बॅगेतून लहान मोज्यांचे दोन जोड काढून माझ्यापुढे टाकले. "उघड्या हातांनी शाळेत पाठवू नकोस. चौकशी करायला येतात." मला आधी कळलंच नाही. माझ्या लेखी गरिबी म्हणजे लाज. फार तर कुणीतरी बसमधून बघेल. तिच्या लेखी गरिबी म्हणजे मूल जाणं. दीड लाखांवर मुलं सरकारने आईबापांकडून काढून निवासी शाळांत घातली होती, त्यातल्या शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. आजही मॅनिटोबात सरकारी ताब्यात असलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मूळनिवासी आहेत. त्या मोज्यांतला एक जोड मी अजून ठेवलाय.

पाण्याचं सांगायचं राहिलं, आणि सोलापूरकराने पाणी विसरावं म्हणजे कमाल. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो, रात्री-बेरात्री, आणि घरात बादल्यांची फौज. विनिपेगला पहिल्या दिवशी मी नळ उघडला, बंद केला, परत उघडला. चोवीस तास पाणी, गोड. आईला फोनवर त्याचा आवाज ऐकवला होता. पुढे मुलाच्या शाळेच्या प्रकल्पात कळलं की ते शोल लेकचं पाणी. सुमारे दीडशे किलोमीटरवरून, १९१९ पासून, नुसत्या उतारावर वाहत येतं. ते नेताना जो कालवा खणला त्याने तिथल्या 'शोल लेक ४०' या अनिशिनाबे वस्तीचं बेट करून टाकलं. उन्हाळ्यात तराफा, हिवाळ्यात बर्फावरून चालायचं, बर्फ पातळ असताना देवाचं नाव. आणि १९९७ पासून तिथे सरकारी सूचना : पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. ज्या तळ्याच्या पाण्याने मी अंघोळ करत होते, त्याच्या काठची माणसं बाटल्या वाहत होती. २०१४ ला विनिपेगमध्ये मानवाधिकारांचं मोठं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं, तेव्हा त्या लोकांनी आपल्या वस्तीतच 'मानवाधिकार उल्लंघनांचं संग्रहालय' उघडलं. अस्सल उत्तर! त्यांना २४ किलोमीटरचा रस्ता २०१९ ला मिळाला, पाण्याचा प्लांट २०२१ ला. चोवीस वर्षं. सोलापूर महापालिकेला शिव्या घालताना मी आता जरा हात राखून घालते.

आकडा हवाच असेल तर : २०२१ च्या जनगणनेत मूळनिवासींपैकी १८.८ टक्के लोक अल्प उत्पन्नाच्या घरात होते, बाकीच्यांत १०.७ टक्के. हे उत्पन्न २०२० चं, म्हणजे कोविडची मदत वाटली गेली त्या वर्षाचं. दरवर्षी पेपरात येणारा दारिद्र्याचा आकडा ज्या पाहणीतून निघतो, त्यात तर रिझर्व्ह धरतच नाहीत. ही युक्ती आपल्याकडच्या बाबूंना कुणी सांगू नका.

आणि आपले लोक? मार्च २०२४ या एका महिन्यात देशभरातल्या फूड बँकांत वीस लाखांवर खेपा झाल्या, आणि येणाऱ्यांत जवळजवळ दर तिसरा माणूस गेल्या दहा वर्षांत कॅनडात आलेला. मी आता महिन्यातून दोनदा त्याच तळघरात टेबलापलीकडे उभी असते. मराठी पोरं येतात. मी दिसले की त्यांची नजर डब्यांवर खिळते. मग मीही मराठी येत नसल्यासारखं वागते.

गेल्या महिन्यात पुण्याहून नव्याने आलेलं एक जोडपं आमच्याकडे जेवायला होतं. दोघं शिकलेली, तो डिलिव्हरी करतो, ती अजून शोधतेय. दुसऱ्या एका पाहुण्यांनी त्यांना दाराशी गाठलंच, "घर बघताय ना? नॉर्थ एंड सोडून कुठेही." पोरीने माझ्याकडे पाहिलं. त्यांनी नॉर्थ एंडलाच घर घेतलं होतं, मला माहीत होतं. मी म्हटलं, मीही दर पंधरवड्याला तिकडेच असते. पाहुणे बूट चढवायला वाकले. ती डबा घ्यायला स्वयंपाकघरात माझ्यामागे आली आणि शेंगाचटणीचं झाकण लावत हळूच म्हणाली, "काकू, तिथे... कधी असतं?"

"मंगळवारी. साडेनवाला जा, दहाला रांग कोपऱ्यापर्यंत जाते. आणि पिशवी आहे का मोठी?"