जुन्या गाडीचा टोटल लॉस आणि आरसीचा घोळ : माझा अनुभव

आरटीओच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "आधी विमा कंपनीचं पत्र आणा, मग आरसी रद्द करू." विमा कंपनीत उत्तर मिळालं, "आधी आरसी रद्द झाल्याचा कागद द्या, मग क्लेम पास करू." आणि गाडी विकत घ्यायला तयार असलेला माणूस म्हणाला, "दादा, आरसी चालू असेल तर बोला, रद्द केली तर आपण भंगाराच्याच भावानं घेणार." तिघंही आपापल्या जागी ठाम. अपघातात जुनी गाडी दुरुस्तीपलीकडे गेली, म्हणजे टोटल लॉस झाली, की आरसीचा (नोंदणी प्रमाणपत्राचा) निर्णय इथेच अडतो, आणि याबद्दल कोणी धड सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

गाडी 2013 ची पेट्रोल स्विफ्ट, दोन एअरबॅगवाली. डाव्या बाजूनं पुढून मार. टोइंग, क्लेम नंबर, सर्व्हेयरची (कंपनीतर्फे नुकसान मोजणाऱ्याची) भेट हे सगळं सुरळीत झालं, त्यावर शब्द खर्च करत नाही. एवढंच की साध्या पॉलिसीत खासगी कारच्या टोइंगचे 1,500 रुपयेच मिळतात, आणि कोणाला इजा झाली नसली तरी पोलीस ठाण्यात स्टेशन डायरीत नोंद करून तिची प्रत घ्या. क्लेमला ती लागतेच असं नाही, पण पुढे आरसी रद्द करताना पंचनामा किंवा नोंद मागतात.

आता दुरुस्तीच्या क्लेमचा हिशेब. गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी असली की धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा (जुनेपणाची कपात) कापतात. प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर आणि एअरबॅग यांवर गाडी कितीही जुनी असो, 50 टक्के. काचेवर शून्य. रंगकामाचं एकत्र बिल असेल तर त्याचा 25 टक्के भाग मटेरियल धरून त्याच्या निम्मे कापतात. मजुरीवर घसारा नाही. 1500 सीसीपर्यंत 1,000 रुपये सक्तीची वजावट. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

माझं एस्टिमेट 3 लाखांचं होतं. धातूचे भाग 1,20,000, त्याचे मिळणार 60,000. बंपर, हेडलाइट, डॅशबोर्ड, एअरबॅग वगैरे 90,000, त्याचे 45,000. काच 12,000, पूर्ण. मजुरी आणि रंग 78,000, त्यात रंग 40,000 चा, म्हणून 5,000 कापून 73,000. बेरीज 1,90,000, वजावट जाऊन 1,89,000. म्हणजे दुरुस्ती केली असती तर खिशातून 1,11,000 गेले असते, आणि तेही एप्रन (चाकावरचा आतला पत्रा) आणि चेसीची पुढची लांब दांडी वाकलेल्या गाडीवर. गाडीची आयडीव्ही (पॉलिसीत ठरलेली गाडीची किंमत) 2,40,000 होती. तिचे 75 टक्के म्हणजे 1,80,000. दुरुस्तीचा खर्च याच्या वर गेला की पॉलिसीच्या भाषेत कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस. मग घसारा लागत नाही, आयडीव्हीतून फक्त वजावट जाते.

यात एक खोच आहे. 75 टक्के कशाचे मोजायचे? पॉलिसीत "अटी व शर्तींच्या अधीन" असे शब्द असतात, आणि त्यांच्या आधारे बरेच सर्व्हेयर एस्टिमेटची पूर्ण रक्कम न धरता घसारा कापल्यानंतरची धरतात. जुन्या गाडीत ही रक्कम बरीच खाली येते आणि टोटल लॉसची रेषा अनेकदा ओलांडली जात नाही. वर्कशॉप "टोटलच आहे सर" म्हणतं, पत्र मात्र दुरुस्तीचं येतं. सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यात लपलेलं नुकसान उघडून नोंदवलंय का ते बघा. एअरबॅग फुटल्या असतील तर नुसत्या बॅगा बदलून भागत नाही. कंट्रोल मॉड्यूल, सीट बेल्टचे प्रिटेन्शनर, स्टीअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, डॅशबोर्ड हे सगळं एस्टिमेटमध्ये यायला हवं. पहिल्या एस्टिमेटमध्ये यातलं निम्मं सुटलेलं असतं.

बोनेट, फेंडर, बंपर, हेडलाइट एवढंच गेलं असेल, म्हणजे बोल्ट काढून बदलता येणारं, तर फार विचार न करता दुरुस्त करून घ्या. तिथे लोक एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सूट) जाईल म्हणून फार घाबरतात. एनसीबीची सूट फक्त ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर असते. 1000 ते 1500 सीसीच्या कारचा थर्ड पार्टीचा 3,416 रुपयांचा हप्ता तिच्याशी संबंधित नाही. जुन्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ताच थोडा, त्याची निम्मी सूट गेली तर किती जाणार? आकडा काढा आणि मग ठरवा. पिलर (छत पेलणारा खांब) किंवा चेसीची लांब दांडी वाकली असेल तर मात्र दुरुस्तीचा मोह सोडा. जिगवर (गाडी बांधून ओढायच्या सांगाड्यावर) ओढून सरळ होते, पण अलाइनमेंट, टायरची झीज आणि पुढच्या अपघातात ती किती टिकेल हा प्रश्न कायम राहतो.

तर, टोटल लॉस ठरलं. इथून पुढे कंपनी दोन वाटा दाखवते. एक, भंगार कंपनीकडे आणि तुम्हाला पूर्ण आयडीव्ही. ही वाट हल्ली क्वचितच मिळते. दुसरी, नेट ऑफ सॅल्व्हेज. गाडी तुमच्याकडेच राहते, तिला भंगार खरेदीदाराकडून आलेली बोली आयडीव्हीतून वजा होते, आणि बोली लावणाऱ्याला गाडी देऊन तेवढे पैसे तुम्ही त्याच्याकडून घ्यायचे. यात पुन्हा दोन प्रकार : आरसीसह (नोंदणी चालू ठेवून) आणि आरसीशिवाय (नोंदणी रद्द करून). सगळा घोळ इथेच आहे.

माझ्या गाडीला आरसीसह बोली आली 70,000, आरसीशिवाय 35,000. आरसीसह घेतलं तर कंपनी देणार 1,69,000 आणि खरेदीदार 70,000. आरसीशिवाय घेतलं तर कंपनी 2,04,000 आणि खरेदीदार 35,000. दोन्हीकडे बेरीज 2,39,000! मालकाला एका रुपयाचा फरक पडत नाही. फरकाचे 35,000 कंपनीच्या खिशातून जातात, म्हणून फोनवरचा माणूस गोड आवाजात "आरसीसह घ्या सर, झंझट नाही, लगेच पेमेंट" म्हणतो.

झंझट कोणाला नाही ते बघा. आरसीसह गाडी घेणारा तुमच्याकडून मूळ आरसी, दोन्ही चाव्या, आधार-पॅनच्या प्रती आणि सही केलेले मालकी बदलाचे कोरे फॉर्म 29 आणि 30 घेतो. गाडी त्याच्या नावावर तो करत नाही, कारण त्याला ती पुढे विकायची असते. तोवर वाहन पोर्टलवर, म्हणजे सरकारी नोंदीत, मालक तुम्हीच. एक तर गाडी ठोकून-पिटून रस्त्यावर येते, एअरबॅगच्या जागी डॅशबोर्डला नुसता पॅच आणि एअरबॅगच्या इशाऱ्याचा दिवा विझवायला रेझिस्टर. नाही तर त्याहून वाईट : तुमचा चेसिस नंबर चोरीच्या तशाच गाडीवर चढतो. त्या गाडीनं कोणाला उडवलं तर नोटीस तुमच्या घरी येते. नोंदीत ज्याचं नाव तोच भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली स्पष्ट केलंय, गाडी प्रत्यक्षात चार हात पुढे गेलेली असली तरी. 500 रुपयांच्या स्टॅम्पवरचा "आजपासून सर्व जबाबदारी घेणाऱ्याची" हा मजकूर तिथे उपयोगी पडत नाही.

म्हणून मी आरसीशिवायवर अडून बसलो, आणि वर सांगितलेल्या चक्रात सापडलो. चक्र असं फिरतं : कंपनीला पैसे सोडण्याआधी रद्द आरसी हवी. आरटीओला रद्द करण्याआधी कंपनीचं पत्र आणि चेसिस नंबरचा कापलेला तुकडा हवा. वर्कशॉप तुकडा कापू देत नाही, कारण क्लेम मिटेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही असं त्यांना कंपनीनंच सांगितलेलं. आणि दरम्यान वर्कशॉपचं पार्किंग भाडं चालू. (हे भाडं क्लेममध्ये मिळत नाही. दुरुस्ती करायची नाही असं ठरताच दर लेखी विचारा आणि शक्य असेल तर गाडी स्वतःच्या जागेत हलवा. सर्व्हेयरला ईमेल करून हलवा, न सांगता नको.)

खिडकीवरचा त्रास म्हणजे, कोणी नाही म्हणत नाही. "साहेब रजेवर", "हे टेबल आमचं नाही", "एजंटला विचारा". ईमेलची प्रिंट चालत नाही, शिक्का हवा. शिक्का असेल तर त्यावर चेसिस नंबर नाही. चेसिस नंबर आहे तर इंजिन नंबर राहिला. प्रत्येक वेळी नवी त्रुटी, आणि आधीच्या वेळी ती का सांगितली नाही यावर खांदे उडवणं. पूर्ण यादी भिंतीवर चिकटवायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

सुटलं ते दोन कागदांनी. पहिला : मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 चा उल्लेख करून आरटीओला लेखी अर्ज. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवून आरसी जमा करायची, असं ते कलम सांगतं. अर्ज खिडकीवर दाखवत बसू नका. थेट आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी "नंतर या" ऐकून परत येऊ नका, कारण शिक्का असलेली प्रत हाती आली की उत्तर द्यायची जबाबदारी त्यांच्यावर जाते. गाडी ज्या आरटीओत नोंदलीय तिथेच जायला हवं असंही नाही. गाडी नेहमी जिथे ठेवता तिथल्या कार्यालयात कळवलं की मूळ कार्यालयाला पाठवणं हे त्यांचं काम, हेही त्याच कलमात आहे. कोल्हापूरची गाडी पुण्यात पडून असेल तर हे वाक्य अर्जात लिहाच.

दुसरा : विमा कंपनीकडून "नोंदणी प्राधिकारी" यांना उद्देशून पत्र. त्यात क्लेम नंबर, गाडी नंबर, पूर्ण चेसिस नंबर, पूर्ण इंजिन नंबर, "नेट ऑफ सॅल्व्हेज, आरसीशिवाय" हे शब्द, नोंदणी रद्द करण्यास आणि चेसिस नंबर कापण्यास हरकत नाही असं वाक्य, अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का. मसुदा स्वतः टाइप करून द्या. त्यांच्यावर सोडलं तर काहीतरी राहतंच. "आमच्या फॉरमॅटमध्ये नाही" म्हणाले तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल, आणि महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. मला लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. आवक शिक्क्याची प्रत ईमेलला जोडली आणि पत्र निघालं. त्या दिवशी हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आरटीओत अर्जासोबत लागलेलं : मूळ आरसी, कंपनीचं पत्र, पोलीस नोंद, एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) गाडी चोरीची नसल्याचा दाखला (पोर्टलवरून फुकट निघतो), आणि पोर्टलवर एकही थकीत ई-चलान नसणं. चलान आधी भरा, अगदी 200 रुपयांचं राहिलं तरी अर्ज पुढे सरकत नाही. मोबाइल नंबर बदललेला असेल तर वाहन पोर्टलवर तो सगळ्यात आधी अपडेट करा, कारण ओटीपी जुन्याच नंबरवर जातो. आणि आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय का बघा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवलेला नसतो. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो, आणि एनओसीची मुदत तीन महिने. बोजा असेल तर क्लेमचे पैसेही बँकेला विचारल्याशिवाय सुटत नाहीत.

चेसिस नंबर कुठे कोरलाय ते मालकाच्या पुस्तिकेत असतं. कापण्याआधी पेन्सिलनं छाप घ्या, फोटो काढा, कापताना आणि नंतरही काढा. नंबर पूर्ण दिसेल असा ऐसपैस तुकडा कापायला सांगा. ग्राइंडरवाला घाईत एखादा अंक खातो.

हे सगळं नको असेल तर तिसरी वाट आहे, आणि विम्यात फक्त थर्ड पार्टी असेल तर तीच पहिली : नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र. 2021 च्या नियमांनुसार चालणारी ही केंद्रं गाडी घेऊन पैसे खात्यात जमा करतात, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात, आणि नोंदणी रद्द करण्याची माहिती वाहन पोर्टलवर तेच पाठवतात. त्या सर्टिफिकेटला मुदत असते. नवी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ आणि रस्ता करात सवलत. केंद्रानं खासगी गाड्यांसाठी 25 टक्क्यांपर्यंत मर्यादा दिलीय, प्रत्यक्षात किती ते राज्य ठरवतं. तुम्हाला वापरायचं नसेल तर ते दुसऱ्याला देताही येतं. माझ्या मते 35,000 च्या बोलीला चिकटण्यापेक्षा केंद्राचा भाव आधी विचारावा. थोडा कमी मिळाला तरी ग्राइंडर आणि आवक विभाग दोन्ही वाचतात. भाव मुख्यतः गाडीच्या वजनावर ठरतो, शिवाय बॅटरी आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) जागेवर आहेत का हेही ते बघतात. वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीतून हे गायब होतं, तेव्हा पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

पुढच्या नूतनीकरणाला एक लक्षात ठेवा : पाच वर्षांनंतर आयडीव्ही तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. हप्त्यात थोडे रुपये वाचवायला ती खाली ओढू नका, टोटल लॉसमध्ये तोच आकडा हातात येतो. आणि फास्टॅग. काचेवरून खरवडून काढा आणि बँकेत बंद करा. अनामत परत मिळते.