सातव्या आठवड्यातला फोन

सकाळी पावणेसातला फोन वाजला. "मॅडम, पोरगं भाकरी चोरायलंय. आमच्यानं होईना आता, घेऊन जावा त्याला."

औसा तालुक्यातलं गाव. नवरा-बायको चाळिशी ओलांडलेले, लेकीचं लग्न झालेलं, थोडी कोरडवाहू जमीन, दोन म्हशी. नऊ वर्षांचं लेकरू बालगृहातून त्यांच्याकडे प्रतिपालकत्वात, म्हणजे काही काळ घरच्यासारखं सांभाळायला दिलं, त्याला सातवा आठवडा लागला होता. हे काम बघणाऱ्या आम्हाला असे फोन बहुतेक याच सुमाराला येतात. पहिला महिना मूल पाहुण्यासारखं राहतं. वाढलेलं खातं, सांगितलेलं ऐकतं. घराची ओळख पटली की आत दाबलेली भीती वर येते आणि पालकांना वाटतं, लेकरू बिघडलं.

मी फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, 'घेऊन जावा' हा शब्द त्याच्यासमोर काढू नका. शाळेत पाठवा रोजच्यासारखं. मी अकरापर्यंत पोचते."

पोचले तेव्हा ताईंनी त्याची वाकळ अंगणात उलगडून ठेवली होती. घडीत ज्वारीच्या भाकरीचे तीन चतकोर, त्यातल्या एकावर हिरवी बुरशी. वहीच्या पानात बांधलेला गुळाचा खडा. पायमोज्यात मूठभर शेंगदाणे. सगळ्यावर मुंग्या. "घरात काय कमी हाय का मॅडम? मी कवा नको म्हणले त्याला? गल्लीतल्या बाया म्हणायल्यात, उपाशी ठेवती म्हणून लपवतंय."

त्यांचं दुखणं चोरीचं नव्हतंच, या बोलण्याचं होतं.

मुलाच्या अहवालात एक ओळ होती: बालगृहात येण्याआधी आजीकडे असताना दिवसातून एकदाच चूल पेटायची. ती ओळ आम्ही पालकांना वाचून दाखवली होती, पण तिचा अर्थ समजावून सांगितला नव्हता. चूक आमची. उद्या मिळेल याचा भरवसा ज्याला कधी नव्हता, ते मूल पोट भरलेलं असतानाही साठवून ठेवतं. रागावलं की फक्त जागा बदलते. वाकळ सोडून कणगीमागे लपवायला लागतं.

मग उपाय ठरवला. झाकणाचा एक स्टीलचा डबा, फक्त त्याचा. फडताळाच्या खालच्या कप्प्यात, त्याचा हात पोचेल असा. रोज रात्री जेवणं झाली की त्याच्यादेखत भरायचा: अर्धी भाकरी, शेंगदाणे, गूळ. भाजी-उसळ नको, नासते. सकाळी शिळं काढून म्हशीला घालायचं. किती खाल्लं ते मोजायचं नाही, विचारायचं नाही, पाहुण्यांपुढे हसायचं नाही. आणि कितीही राग आला तरी "डबा काढून घेईन" म्हणायचं नाही. त्या एका वाक्यानं सगळं मागे जातं. उलटी होईस्तोवर खात असेल, वजन उतरत असेल किंवा दोन-तीन महिन्यांनीही फरक नसेल, तर डॉक्टर आणि समुपदेशकाकडे न्यायचं.

ताईंचे यजमान, भाऊ, गोठ्यातून ऐकत होते. त्यांची अडचण वेगळी होती. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून मुलाच्या सांभाळासाठी मिळणारे महिन्याचे ४,००० रुपये अजून खात्यावर आले नव्हते, कारण आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर मुलाचं नाव वेगवेगळं. हे काम मूल घरी जायच्या आधी उरकलं पाहिजे, नंतर पालकच हेलपाटे घालत राहतात. शाळेचं त्या मानानं सोपं: जुना दाखला यायला उशीर झाला तरी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेश अडवता येत नाही.

बोलणं संपता संपता भाऊंनी विचारलं, "आज ना उद्या तुम्ही नेणारच ना त्याला? मग जीव लावावा का नाही?"

इथं खोटा दिलासा देऊन चालत नाही. प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ खाली बाल कल्याण समितीच्या आदेशानं मूल काही काळासाठी घरात येतं, आणि समितीनं दर महिन्याला पाहणी करायची असते. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी दोन वर्षांनंतर त्याच कुटुंबाला दत्तकाची वाट मोकळी केली आहे, पण मूल कायद्यानं दत्तक द्यायला मोकळं ठरलं असेल तरच. या मुलाची आजी हयात आहे, नातवाला विसरलेली नाही. हे सगळं तसंच सांगितलं. "जीव लावा," म्हटलं, "तो जिथं जाईल तिथं ते घेऊन जाईल." भाऊ काही बोलले नाहीत. दावणीचा दोर सोडून पुन्हा बांधत राहिले.

पाच वाजता मुलगा शाळेतून आला. ताईंनी डबा पुढे केला, "हा तुझा. रोज रातच्याला भरायचा." त्यानं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"सकाळपस्तोर हितंच राहील?"

"हितंच राहील."

त्यानं तो स्वतः कप्प्यात नेऊन ठेवला, भिंतीला टेकवून.

पुढच्या महिन्याच्या भेटीत वाकळ स्वच्छ होती. ताई दारापर्यंत सोडायला आल्या. "मॅडम, बारा दिस झाले, डब्याला हात लावंना झालंय. भरू का बंद करू?"

"भरा," मी म्हटलं.