रिमोटवरचं प्लॅस्टिक

दुपारची खिचडी झाली होती, पातेली घासल्याचा आवाजही थांबला होता आणि घंटेला अजून थोडा वेळ होता. पोरं लिंबाखाली. सातवीच्या वर्गात मी एकटीच, हातात भिंतीवरच्या पॅनेलचा, म्हणजे डिजिटल फळ्याचा, रिमोट. सहज नखाने खरवडत होते, तेव्हा कळलं की याच्यावरची पिशवी अजून निघालेलीच नाही. पारदर्शक पिशवी, वर रबर. आत खडूची भुकटी कशी शिरली कोण जाणे, बटणांवर तिचा पांढरा थर बसलाय. आवाज वाढवायचा तर बटण दोनदा दाबावं लागतं, कारण पहिल्यांदा नुसतं प्लॅस्टिकच दबतं.

काढावं म्हटलं, तर हात होईना.

तसं यात माझं काही विशेष नाही. घराघरांत रिमोट पिशवीतच असतात. माझ्या नणंदेच्या सोफ्यावर अजून दुकानातलं प्लॅस्टिक आहे. उन्हाळ्यात त्यावरून उठताना आवाज होतो आणि पाहुणे एकमेकांकडे बघायचं टाळतात. पण शाळेतल्या प्लॅस्टिकची जातच वेगळी. ते डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदीच्या, भीतीचं प्लॅस्टिक असतं. ज्यांनी शाळेचा चार्ज घेतला-दिलाय, त्यांना हे सांगायला नको. जडसंग्रह नोंदवहीत एकदा वस्तू चढली की ती तुमच्या मानेवर बसते. खुर्चीचा पाय मोडला म्हणून ती टाकून देता येत नाही, निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी होईपर्यंत, सांभाळायची. आमच्या कोठीत अशा तीनपायी खुर्च्या भिंतीला टेकून वर्षानुवर्षं उभ्या आहेत. बदली झालेले गुरुजी जाताना त्या मोजून देतात, येणारे मोजून घेतात.

पॅनेल आलं ते ग्रामपंचायतीकडून, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. सरपंचांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "मॅडम, आता आपली पोरं फाट्यावरच्या, प्रायव्हेट शाळेच्या पिवळ्या गाडीत बसायची न्हाईत." मुख्याध्यापक सरांनी टाळ्या वाजवल्या आणि चावी माझ्या हातात दिली. का, तर मी तंत्रस्नेही. कधीकाळी निकालपत्रक एक्सेलमध्ये करून दिलं होतं, त्या पुण्याईवर मी आमच्या शाळेत तंत्रस्नेही आहे. एक्सेलमधल्या बेरजा मला येतात. पण भिंतीवर टांगलेल्या, बोट लावलं की जागं होणाऱ्या त्या काळ्या काचेसमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पोटात जे झालं, ते डी.एड.च्या पहिल्या सराव पाठाला झालं होतं. तेव्हा निदान गुंडाळफळा हातात होता. तो पडला तरी फुटत नव्हता.

ही भीती यंत्राची आहे असं सगळे धरून चालतात. प्रशिक्षणात सुलभक सांगतात, "घाबरू नका, काही होत नाही, सगळी बटणं दाबून बघा." साहेब, बटण दाबायला कोण घाबरतंय? बटण दाबल्यावर काही झालं तर वसुली कोणाकडून, एवढंच विचारायचं असतं. ते विचारता येत नाही म्हणून आम्ही माना डोलावतो.

मला आमचे गुरुजी आठवतात. १९८६ चं शैक्षणिक धोरण आलं आणि पुढच्या वर्षापासून खडू-फळा योजना सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक बाई, आणि शिकवायचं सामान. आमच्या शाळेत बाई यायला वेळ लागला, सामान आधी आलं. बैलगाडीतून पत्र्याची पेटी उतरली तेव्हा मी वर्गाच्या दारात उभी होते. नकाशे, विज्ञानाची छोटी पेटी, ढोलकी आणि पृथ्वीचा गोल. गुरुजींनी एकेक वस्तू वर काढली, यादीवर खूण केली आणि परत आत ठेवली. मग कुलूप. त्या पेटीवर ते बसून शिकवायचे, अगदी शब्दशः.

विस्तार अधिकारी शाळा तपासायला यायचे त्या दिवशी पेटी उघडायची. हुशार पोरांना फडकी मिळायची. पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला जायचा, तोसुद्धा प्लॅस्टिकसकट. मला बरीच वर्षं आफ्रिका म्हणजे चुरगळलेली आणि चकाकणारी अशीच दिसायची. एकदा कुणीतरी हळूच गोल फिरवला. गुरुजी खेकसले, "फिरवू नको रे, आस ढिला होईल!" आम्ही सगळे गप्प. पृथ्वीचा आस ढिला झाला तर काय होईल, याची धास्ती मला चांगली दोन-तीन रात्री होती.

गुरुजी वाईट शिक्षक नव्हते, हे मुद्दाम सांगते. फळ्यावर त्यांचा हात असा चालायचा की बघत राहावं. आणि फळ्याला मात्र त्यांनी कधी कुलूप लावलं नाही. उलट तो आमच्याच ताब्यात. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी फळा काळा करायचा. घराघरांतून बॅटरीचे संपलेले सेल आणायचे, दगडाने फोडायचे, आतली काळी पूड नारळाच्या करवंटीत काढायची. कुठलातरी हिरवा पाला ठेचून त्याचा रस त्यात घालायचा आणि चिंधीने फळा सारवायचा. वरच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचायचा नाही म्हणून एकाच्या खांद्यावर दुसरा. हात, नाक, चड्ड्या, परकर, सगळं काळं. सेल फोडू नयेत, ती पूड अंगाला लागू नये, हे आता मीच पोरांना सांगते. पण सोमवारी त्या काळ्याकुळकुळीत फळ्यावर पहिल्यांदा खडू टेकायचा आणि पांढरी रेघ उमटायची, ती काय उठून दिसायची! तो फळा आमचा होता. पेटीतली पृथ्वी सरकारची होती.

पुढे नोकरीत आल्यावर एमएस-सीआयटी या संगणक परीक्षेची लाट आली. पास व्हा, नाहीतर वेतनवाढ थांबेल. तालुक्याच्या क्लासमध्ये निवृत्तीला आलेले गुरुजी संध्याकाळी बॅचला बसायचे. माउस टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत न्यायचा, पुढे जागा संपली की हताशपणे वर बघायचं. "उचलून मागं घ्या सर," असं क्लासमधली विशीतली मुलगी सांगायची. ती त्यांचीच माजी विद्यार्थिनी. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं, ते मी तेव्हा हसून घालवलं. आता माझा चेहरा तसा होत असावा.

त्यानंतर ऑनलाइन माहिती भरायचं एकेक येतच गेलं. सरल, शालार्थ, युडायस प्लस, पोषण आहाराची रोजची नोंद, आधार जुळवणी, अपार. २०१७ च्या शिक्षकदिनी दीक्षा हे अभ्यासाचं ॲप आलं, मग पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड उगवले. माझ्या वहीची मागची तीन पानं पासवर्डांनी भरलीत. प्रत्येकात एक मोठं अक्षर, एक अंक आणि एक खूण, आणि प्रत्येकाची खूण वेगळी. ओटीपी जातो मुख्याध्यापक सरांच्या नंबरवर. सरांच्या फोनला रेंज मिळते ती मारुतीच्या देवळाच्या पारावर. तेव्हा सातवीतलं एक पोरगं पारावर उभं राहून आकडे ओरडतं, दुसरं ते शाळेच्या फाटकापाशी झेलतं आणि मी खिडकीतून टाइप करते. ओटीपी गुप्त ठेवावा, असं त्या संदेशातच लिहिलेलं असतं.

हे सगळं तंत्रज्ञान माझं आहे, मुलांचं नाही. मुलांपर्यंत त्यातलं काही पोचत नाही, वर फक्त माहिती जाते. म्हणून 'शिक्षकांना तंत्रज्ञान नको असतं' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. दिवसातला केवढा वेळ आम्ही त्यातच घालवतो! डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसभर अभिनंदनाचे हार पडत होते. परितेवाडीसारख्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून एक माणूस जगभर पोचतो, बक्षिसाची निम्मी रक्कम उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकतो, तेव्हा छाती आपलीही फुगते. आणि संध्याकाळी गटावर संदेश येतो, 'लिंक भरली नाही त्यांची नावं खालीलप्रमाणे.' त्यात आपलं नाव.

दुसरी एक थाप म्हणजे हल्लीची मुलं सगळं पोटातूनच शिकून येतात. येतात खरी, पण काय शिकून? बोटाने वर सारायला. परवा भूगोलाला भरती-ओहोटीचा धडा होता. म्हटलं, घ्या, शोधा तुम्हीच. एकाने ऐटीत माइकचं चित्र दाबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "भरती!" पॅनेलवर पोलीस भरती आली. सोळाशे मीटर, गोळाफेक, छातीचं माप. आमच्या माण तालुक्यात या विषयाला गिऱ्हाईक कायमचं. पोरं इतकी रंगली की तास तिकडेच गेला असता. "ओहोटी म्हणा रे," मी म्हटलं. ओहोटी म्हटल्यावर मात्र समुद्र आला.

समुद्र त्यांनी फोनवर पाहिलाय, तसा सगळ्यांनीच पाहिलाय. पण लाटा बघणं वेगळं. सबंध खाडीचं पाणी सावकाश मागे सरतंय, होड्या चिखलात कलंडतायत, मग तेच पाणी गुपचूप परत येऊन त्यांना उचलतंय, हे कुठल्याच फळ्यावर मला दाखवता आलेलं नाही. चंद्राचा गोल काढा, बाण काढा, पाण्याला फुगवटा द्या, पोरं तो उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहितात. ज्यांची माणगंगा वर्षातले बहुतेक महिने कोरडी असते, त्यांना गेलेलं पाणी परत येतं हे बाण काढून कसं पटवायचं? खाडीचा तो तुकडा मी तीनदा लावला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, रोज येतं?"

"रोज. दिवसातून दोनदा."

"टायमाला?"

मग मी सांगितलं की एका भरतीपासून दुसरीपर्यंत सव्वाबारा तासांहून थोडा जास्त वेळ जातो, साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणून आजची वेळ उद्या चुकते, रोज जवळजवळ ५० मिनिटं उशीर. चंद्रही पुढे सरकलेला असतो ना.

"मंजी टँकरगत," तो म्हणाला.

सगळा वर्ग हसला, मीही. पण त्या पोराला ते पक्कं बसलं. तो आता ५० मिनिटं जन्मात विसरणार नाही.

हे बोलता बोलता मी चंद्र काढायला पॅनेलवर बोटाने गोल ओढला होता. तो बिघडला. काचेवर अक्षराला वळण येत नाही, बोट पुढे आणि रेघ मागून, माझा 'ळ' तर बघवत नाही. सवयीने मी तळहाताने पुसायला गेले आणि गोल पुसला गेला. पुन्हा एक रेघ मारली, पुन्हा तळहात फिरवला. गेली! प्रशिक्षणात हे कुणी बोललं नव्हतं. तिथे आम्हाला मेनू, मग टूल, मग इरेजर, मग आकार असं शिकवलं होतं. सबंध नोकरीत मी मुलांना ओरडत आले, हाताने फळा पुसू नका, डस्टर कशाला आहे, आणि स्वतः घाईत पदरानेसुद्धा पुसत आले. आणि इथे एवढ्या किमतीच्या यंत्रात तळहात हाच डस्टर! मला एकाएकी ते पॅनेल बनवणाऱ्या माणसाबद्दल आपुलकी वाटली. त्याने कधीतरी कुठल्यातरी बाईंना फळ्यापाशी नीट बघितलं असलं पाहिजे. सगळी पोरं ओळीने येऊन पुसून गेली. काचेवर खिचडीचे पिवळे पंजे उमटले. वसुलीचा विचार माझ्या मनात आला, नाही असं नाही. पण मी थांबवलं नाही.

आता म्हणे कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण आहे. लिंक आली आहे. पाठाचं टाचण ती करून देईल, प्रश्नपत्रिका काढेल, असं गटावर लिहिलंय. टाचण करून देणार असेल तर मी तिचे पाय धरायला तयार आहे. फक्त ते करून घेण्यासाठी अजून एखादा पासवर्ड लागू नये.

जूनमध्ये दाखलपात्र मुलांची यादी घेऊन आम्ही घरोघर हिंडलो. पॅनेलचे फोटो दाखवले, खाडीचा तो तुकडा फोनवर दाखवला. लोकांनी चहा दिला, कौतुक केलं, "भारी केलंय बाई तुम्ही," म्हणाले. पहिलीत दोन मुलं आली. उरलेली सकाळी फाट्यावर पिवळ्या गाडीची वाट बघत उभी असतात, गळ्यात टाय. वीसच्या आतला पट असला की शाळा बंद होण्याबद्दल काय काय कानावर येतं, ते शिक्षकांना सांगायला नको. शाळाच हलली तर पॅनेल कोणाच्या डेडस्टॉकला चढवायचं, हे मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही पण ना!"

सरपंच आले होते. जवळजवळ रिकाम्या पहिलीच्या वर्गात थोडा वेळ उभे राहिले. मग सातवीत येऊन पॅनेलकडे हात मागे बांधून बघत राहिले.

"किती इंची हाय हे?"

"६५."

"७५ घ्यायला पायजे हुतं," असं म्हणून ते गेले.