सायनस व्हीनोसस एएसडी : कव्हर्ड स्टेंट कुठे दगा देतो

साधं एएसडी, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक, छत्रीच्या डिव्हाइसने बंद होतं. सायनस व्हीनोसस प्रकारात छत्री बसत नाही, कारण एसव्हीसी (डोकं आणि हातांकडचं अशुद्ध रक्त आणणारी मोठी शिरा) उजव्या कप्प्यात उतरते तिथेच भोक असतं आणि वर धरायला कडाच नसते. शिवाय उजव्या फुफ्फुसाची वरची शिरा बहुधा एसव्हीसीतच उघडते. ऑपरेशन टाळायचं तर एसव्हीसीत लांब कव्हर्ड स्टेंट (आवरण घातलेली जाळीची नळी) घालतात. अशुद्ध रक्त त्याच्या आतून उजवीकडे जातं, फुफ्फुसातलं शुद्ध रक्त त्याच्या मागून, त्याच भोकातून, डावीकडे. म्हणजे भोक बुजवत नाहीत, त्याचा रस्ता करतात.

हा मागचा रस्ता दाबला गेला की फुफ्फुसात रक्त तुंबतं, पाणी भरतं. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. म्हणून स्टेंटआधी त्याच जागी त्याच मापाचा फुगा फुगवून बघणं वगळूच नये. फुगा फुगलेला असताना फुफ्फुसाच्या शिरेत डाय (एक्स-रेवर दिसणारं औषध) सोडायचा, तो न अडखळता डाव्या कप्प्यात जायला हवा. शिरेतला दाब मोजायचा, टीईईवर (अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर) प्रवाह पाहायचा. शंका राहिली तर थांबावं, शस्त्रक्रियेचा पर्याय उत्तम आहे. शिरा एसव्हीसीत फार वर उघडत असेल तर सीटी पाहतानाच तो निर्णय व्हावा.

दुसरा धोका सरकण्याचा. पकड फक्त वरच्या भागाची. खालचा भाग धडधडत्या कप्प्यात लोंबतो. त्यात स्टेंट जितका रुंद उघडेल तितका आखूड होतो, आणि कमी लांबीचा निवडला असेल तर इथेच फसतो. जांघेतून घातलेली तार मानेच्या शिरेतून बाहेर काढून दोन्ही टोकं धरली, तर निसटलेला स्टेंटही तारेवरच राहतो. पकड कच्ची वाटली तर वर दुसरा, बिनकव्हरचा स्टेंट ठोकतात.

खालचं टोक भिंतीला नीट टेकलं नाही की गळती राहते. मोठ्या फुग्याने ते टोक पसरवता येतं, पण तोच फुगा मागची शिरा दाबू शकतो, म्हणून दर वेळी शिरेचा प्रवाह पुन्हा तपासायचा. थोडी गळती पुढे आपोआप कमी होऊ शकते. तिच्यासाठी शिरा पणाला लावू नये.

घरी गेल्यावर धाप, खोकला, थुंकीत रक्त आलं तर फुफ्फुसाची शिरा दबल्याचा संशय घ्यावा. चेहरा आणि हात सुजले तर एसव्हीसी अडली असेल. दोन्हींत त्याच दिवशी दाखवायचं, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत.